चौथा लूम

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या भावजींचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचे. ते भिवंडीत एका शेठच्या कारखान्यात चार लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, चालवत. मी सातवी पास झालो तेव्हा आमच्या गावात पुढची शाळा नव्हती, आणि बापाने मला वीटभट्टीवर लावायचं नक्की केलं होतं. भावजी बहिणीला न्यायला आले होते. जेवताना भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "ह्याला मी नेतो. दोन पोरी हायत, तिसरा हा." दुसऱ्या दिवशी मी भिवंडीतच टेमघरला त्यांच्या चाळीतल्या खोलीत होतो आणि पुढे अकरा वर्षं तिथेच राहिलो.

त्या खोलीत भिंतीलगतची एक जागा झोपायला बरी होती, कारण तिथे पाय लांब करता येत. भावजींची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात ती माझी असे. दिवसपाळीच्या आठवड्यात मी दारापाशी झोपे. अभ्यासाला दिवा मात्र रोज माझा. बहिणीला आम्ही बाय म्हणतो. ती मुलींना दटावायची, "गप बसा, मामा वाचतोय," आणि मी पुष्कळदा काहीच वाचत नसे, नुसता पुस्तकाकडे बघत असे, हे मला आज लिहायला हवं.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिलाच. भावजींनी कारखान्यात पेढे वाटले. पुढे काय, असा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, शाळेत मास्तर होतो. ते म्हणाले, "मास्तर लई हायत. आमच्याकडे काय झालं तर आमच्या बाजूनं उभा राहून बोलणारा एक न्हाय. तू वकील हो." त्यांनी सांगितलं म्हणून मी वकिलीला गेलो. दुसरं कारण नव्हतं.

लॉ कॉलेज ठाण्याला, वर्ग सकाळचे. पहाटेच्या एस.टी.ने काल्हेरवरून, खाडीच्या पुलावरून जायचं आणि दुपारी परत येऊन एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे चलनं लिहायची. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. कॉलेजात मुलं मोठमोठ्याने बोलत, वाद घालत. मी मागच्या बाकावर बसे. माझं इंग्रजी कच्चं होतं आणि पँट एकच होती. ती मी उशीखाली घडी करून ठेवत असे, इस्त्री व्हावी म्हणून.

दुसऱ्या वर्षी फळ्यावर नोटीस लागली: अभिरूप न्यायालय स्पर्धा, मराठीतून. म्हणजे खोटा खटला. खटल्याचे कागद आयोजक देणार, मुलांनी वकील आणि साक्षीदार व्हायचं, समोर दुसऱ्या कॉलेजची मुलं, आणि निकाल द्यायला खरे वकील, निवृत्त न्यायाधीश. आमचे सर मला म्हणाले, "तू ये. तुझ्याकडे आवाज आहे."

"सर, मी कधी बोललो नाही."

"म्हणूनच तो शिल्लक आहे," सर म्हणाले. मुलं हसली. मी गेलो.

संघात आम्ही चौघं होतो. वकील दोन: मी आणि ठाण्याच्या एका वकिलाची मुलगी. ती घरूनच कायदा शिकून आल्यासारखी बोलायची. साक्षीदार दोन, त्यातला कल्याणचा एक मुलगा फार मिश्कील. त्याला जखमी कामगाराची साक्ष दिली होती. तो तालमीला पंजा फडक्यात गुंडाळून यायचा आणि कँटीनवाल्याला म्हणायचा, "मालक, अपघातग्रस्ताला चहा हाफ नका देऊ, फुल द्या."

खटला असा होता. एका कापड कारखान्यातल्या कामगाराची पाळी सकाळी आठला संपते. त्याने आपले माग पुढच्या पाळीच्या माणसाच्या स्वाधीन केले आहेत. आठ वाजून पाच मिनिटांनी, तो अजून मागांपाशीच उभा असताना, त्याचा पंजा यंत्रात सापडतो. अपघात कामावर असताना झाला की काम संपल्यावर? कामावर असताना झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. संपल्यावर झाला, तर नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत आमच्या वाट्याला कामगाराची बाजू आली. ती मुलगी उभी राहायची आणि सांगायची, की नोकरी घड्याळाच्या काट्यावर तुटत नाही. कामाआधीचा थोडा वेळ आणि नंतरचा थोडा वेळ कायदा कामातच धरतो. दोन्ही फेऱ्या आम्ही जिंकलो. मी तिच्या मागे कागद धरून उभा असायचो. दोन वाक्यं माझी असत, आणि त्या दोन वाक्यांसाठी मी एस.टी.त, चलनं लिहिताना, नळावर, सारखा ओठ हलवत असे. बाय म्हणाली, "येड लागलं काय रे? नवस फेडतोयस?"

अंतिम फेरी मुंबईला होती. बाजू आठ दिवस आधी चिठ्ठी टाकून ठरायची. चिठ्ठी निघाली मालकाची.

"झालं," ती मुलगी म्हणाली. "आता आपलाच मुद्दा आपण खोडायचा. तो खोडता येत नाही, हे मी दोनदा सिद्ध केलंय."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू भिवंडीचा ना? घरात कुणी लूमवर आहे?"

वर्गात मी हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि पहिल्यांदाच मला ते सांगताना लाज वाटली नाही. उलट अभिमान वाटला. माझ्याकडे काहीतरी होतं जे त्यांच्याकडे नव्हतं.

मी भावजींना म्हटलं, मला पाळी बदलताना बघायचंय. त्यांची रात्रपाळी चालू होती. पावणेआठला मी कारखान्यात गेलो. आत गेल्यावर लूमच्या आवाजाने पहिली दोन मिनिटं काही सुचत नाही, मग तोंडं बघून बोलणं कळायला लागतं. जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा माणूस, मला बघून ओरडला, "अरे, वकील साब आए हैं! सब लोग सच बोलो!"

"सच बोलेंगे तो शाम को काम पे कौन रखेगा?" पलीकडून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

भावजींच्या जागी येणारा माणूस उत्तरेकडचा होता, त्यांच्याहून लहान. त्यांना दादा म्हणायचा. तो डोळे चोळत आला. भावजींनी त्याला एकेक लूम दाखवला. लूम बंद करायचा नाही; बंद केला की कापडावर रेघ पडते आणि तेवढा तुकडा वाया जातो. चालता लूम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो.

"इसका धागा बाएँ से टूटता है," भावजी पहिल्यापाशी म्हणाले. दुसऱ्यापाशी म्हणाले, "ये शरीफ है." तिसऱ्याची कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, लवकर संपत होती. चौथ्यापाशी ते थांबले. "और ये तेरी सास है. धोटा फेकती है. सामने खड़ा मत रहना."

धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी टोपी असते. तो वाटेतून सुटला तर गोळीसारखा जातो.

मग भावजी म्हणाले, "संभालो." त्या माणसाने चौथ्या लूमच्या पुढच्या दांड्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "हाथ में आया." झालं. मी नंतर चौकशी केली, त्या भागातल्या सगळ्या कारखान्यांत असंच होतं. तळवा ठेवून 'हाथ में आया' म्हटलं की पुढे जे होईल ते घेणाऱ्याचं. धागा तुटला, कापड बिघडलं, काहीही. त्याआधीचं देणाऱ्याचं. कागद नाही, सही नाही. त्यावर कधी भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पण भावजी निघाले नाहीत. ते तिथेच उभे राहिले.

मी विचारलं, "भावजी, आता तुम्ही सुटलात ना?"

"सुटलो."

"मग थांबलात कशाला?"

"तो झोपेतनं आलाय. दहा मिनटं दोन डोळे जास्ती असले तर बरं."

"शेठ सांगतो का थांबायला?"

"शेठला ठाव पण न्हाय. मी त्याच्यासाठी थांबतो, सांजच्याला तो माझ्यासाठी थांबतो."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. मला मुद्दा सापडला होता.

अंतिम फेरीला भावजी आले. पाळीची अदलाबदल करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसले. मी सरांचा काळा कोट घातला होता, बाह्या दुमडून. समोरच्या कॉलेजचा साक्षीदार, पट्टी बांधलेला कामगार, पिंजऱ्यात आला. मला चार प्रश्न विचारायचे होते. ते मी इतके घोकले होते की आजही पाठ आहेत.

"चारही माग तुम्ही दिलेत?"

"हो."

"त्याने घेतले?"

"हो."

"त्यानंतर तुम्हाला थांबायला मालकाने सांगितलं होतं?"

"नाही."

"मग" (इथे मी थोडा थांबलो, सरांनी तसं शिकवलं होतं) "मग तुम्ही तिथे कुणाचे म्हणून उभे होतात? मालकाचे, की त्या माणसाचे?"

मुलगा गोंधळला. त्याने त्याच्या वकिलाकडे बघितलं आणि म्हणाला, "त्याचा. म्हणजे, मित्र म्हणून."

मग मी सांगितलं, की घड्याळ सैल असेल, पण मागवाल्यांची देवघेव सैल नसते. त्यांनी स्वतःच एक रेघ आखली आहे आणि ती कायद्याच्या रेघेपेक्षा पक्की आहे. त्या रेघेपलीकडे उभा असलेला माणूस चांगला मित्र आहे, पण तो नोकरीवर नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही जिंकलो. सर्वोत्कृष्ट वकिलाचा कप मला मिळाला.

परीक्षकांत एक ठाण्याचे नावाजलेले वकील होते. पुष्कळ कारखानदारांची कामं त्यांच्याकडे असत, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी फरक पडला असता असं प्रामाणिकपणे म्हणवत नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हा मुद्दा आम्हाला पुस्तकात सापडत नाही, बेटा. टिपण लिहिलंयस? देशील? वाचून परत करतो." मी दोन्ही हातांनी सात पानं त्यांच्या हातात ठेवली. प्रश्न, त्यांचा क्रम, देवघेवीची पद्धत, सगळं त्यात होतं. त्यांनी ती परत केली नाहीत. मला त्याचाही अभिमानच वाटत राहिला.

परत येताना एस.टी.त भावजी कप मांडीवर घेऊन बसले होते. शर्टाच्या टोकाने तो पुसत होते. खाडीचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "मग त्या गड्याला काय मिळालं?"

"कुठल्या?"

"ज्याचा पंजा गेला."

"खोटा होता तो, भावजी. सगळं लिहिलेलं असतं."

"हां, ते ठाव हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "पण बोलला बरा तू. मना वाटलं, आता हा शेठलाच उभा करील."

मी म्हटलं, बाजू चिठ्ठीने ठरते. ते म्हणाले, "हां." बायने कप देवाशेजारच्या फळीवर ठेवला. नंतर मुली त्यात केसांचे आकडे टाकू लागल्या.

पुढच्या वर्षी, मी शेवटच्या वर्गात असताना, एका सकाळी मी ठाण्याला वर्गात होतो तेव्हा चौथ्या लूमने धोटा फेकला. भावजींनी चारही लूम दिले होते. पाच-सात मिनिटं झाली होती. त्यांच्या जागी येणारा तो उत्तरेकडचा माणूस दुसऱ्या लूमवर तुटलेला धागा जोडत होता, आणि चौथ्याचा धागा तुटलेला भावजींना दिसला म्हणून ते वाकले. धोट्याचं टोक उजव्या डोळ्यात गेलं.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा बाय बाहेर जमिनीवर बसली होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "तू आलास ना. आता तू बघ." डोळा काढावा लागला. दुसऱ्याने त्यांना दिसत होतं, पण ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक तुटलेला धागा दिसायला दोन डोळे लागतात. लूमचं काम संपलं.

शेठने पंधरा दिवस माणूस पाठवून फळं दिली आणि मग सांगितलं, पाळी संपली होती, माझा संबंध नाही. युनियनच्या वकिलाने भरपाईचा दावा लावला. म्हातारा, खोकणारा, पण मनाने स्वच्छ माणूस. मी त्याच्याकडे रोज कागद लिहायला जायचो. एक दिवस तो म्हणाला, "तू शिकतोयस म्हणून सांगतो. सगळं एका गोष्टीवर आहे. लूम दिले होते की नव्हते? तीन दिले, चौथा द्यायचा होता, एवढं तुझे भावजी म्हणाले की आपण जिंकलो. चारही दिले म्हणाले की कठीण आहे. शेठने वकील मोठा दिलाय." त्याने नाव सांगितलं. ते नाव माझ्या कपावर परीक्षक म्हणून कोरलेलं होतं.

मी त्याला काही सांगितलं नाही. घरीही सांगितलं नाही.

चार दिवस संध्याकाळी मी भावजींना शिकवलं. कल्याणच्या मुलाला शिकवायचो तसं. मी वकील व्हायचो, ते साक्षीदार.

"चारही लूम दिलेत?"

"तीन दिले. चौथा बाकी व्हता."

"असं खाली बघून नाही, भावजी. माझ्याकडे बघून."

"तुझ्याकडे बघून मना बोलता न्हाय येत," ते म्हणाले, आणि बाय चुलीपाशी हसली. अपघातानंतर त्या खोलीत तेवढं एकदाच कुणी हसलं.

तिसऱ्या दिवशी तो पाळीचा माणूस केळी घेऊन आला. दारातच उभा राहिला. त्याला शेठने साक्षीला बोलावलं होतं. "दादा," तो म्हणाला, "आप बोलो नहीं दिया, मैं भी बोलूँगा नहीं मिला."

"फिर सेठ पूछेगा, आठ बजे तू किधर था?"

"पूछने दो."

"निकाल देगा तेरे को. पिछले महीने एक को निकाला ना, देर से आया करके?"

"निकालने दो, दादा."

"बैठ," भावजी म्हणाले. "केला खा." ते त्याला मुलांचं विचारू लागले. त्याला तीन लहान मुलं होती, गावी.

तो गेल्यावर मी म्हटलं, "भावजी, तो स्वतः म्हणतोय. कुणाचं नुकसान होत नाही."

त्यांनी केळ्याची सालं गोळा करून दाराबाहेर टाकली. मग म्हणाले, "मी बोललो संभालो. तो बोलला हाथ में आया. आता लूमवर जायचा न्हाय म्हणून शब्द परत घेऊ?"

मी चिडलो. आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवला तो तेव्हाच. "शब्दाने पोरींचं शिक्षण होतं का?" मी म्हटलं. ते मान हलवून म्हणाले, "बरं. तू सांगशील तसं." बायने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मी जिंकलो.

तारखेला आम्ही ठाण्याला गेलो. भावजींनी तोच पांढरा शर्ट घातला होता. त्या मोठ्या वकिलांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या हातात कागद नव्हते, पाठ असावं. ते उठले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं:

"चारही लूम तुम्ही दिलेत?"

भावजींनी पटकन मान वळवून माझ्याकडे बघितलं. एका डोळ्याने बघायचं म्हणून त्यांना सगळी मान वळवावी लागायची. मी नाही अशी मान हलवली: तीन. ते पुन्हा समोर वळले.

"चारी दिले," ते म्हणाले.

"त्याने घेतले?"

"घेतले. हाथ में आया बोलला."

"थांबायला शेठने सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग" आणि ते थोडे थांबले, मी थांबलो होतो तेवढेच, "तुम्ही तिथे कुणाचे म्हणून उभे होतात? शेठचे, की त्या माणसाचे?"

भावजींनी पुन्हा मान वळवली. मला चुकवायला जागा नव्हती. शेवटच्या रांगेतून त्यांनी हा प्रश्न पूर्वी एकदा ऐकला होता, तो कुणाच्या तोंडून, हे त्या क्षणी त्यांना आठवत होतं. मला ते दिसलं.

"त्याचा," ते म्हणाले.

आमच्या म्हाताऱ्या वकिलाने कामाच्या वेळेच्या सैल मर्यादेबद्दल सांगितलं, खोकत, त्या मुलीपेक्षा वाईट. महिन्याभराने निकाल लागला. दावा फेटाळला. अपील करता आलं असतं. भावजी नको म्हणाले. पाळीच्या माणसाची नोकरी राहिली.

साक्ष झाली त्या दिवशी कोर्टाबाहेर टपरीवर भावजींनी दोन चहा सांगितले. पहिला घोट घेऊन म्हणाले, "ते सवाल तुझे व्हते ना?"

मी म्हटलं, "नाही, भावजी. सगळे वकील हेच विचारतात."

"हां," ते म्हणाले. "सगळे वकील." आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

ते काल्हेरला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. तेव्हा तिथे गोदामं मोजकीच होती. बाय कांड्या भरायच्या कामाला जाऊ लागली. मी वकिलीची परीक्षा पास झालो, पण सनद घेतली नाही. नाशिकला सरकारी कचेरीत नोकरी धरली आणि दर महिन्याला मनिऑर्डर पाठवू लागलो. दोघी भाच्या शिकल्या. पण मनिऑर्डरच्या फॉर्मवर निरोपाची जागा असते, आणि ती मला दर महिन्याला भरता येत नसे. आठ-नऊ महिन्यांनी मी पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुढे दिवाळीला गेलो, तेव्हा भावजी एस.टी. स्टँडवर उभे होते. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पुढे कधीच निघाला नाही. कप फळीवरच होता. तो शेवटपर्यंत तिथेच राहिला, आकड्यांसकट.

भावजी गेल्यावर थोरल्या भाचीने त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं. घड्यांवर फाटलं आहे, पण अक्षर शाबूत आहे. ते असं.

ती. भावजींस साष्टांग नमस्कार.

मी इथे बरा आहे. हे पत्र मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, तुम्हाला स्वतःला वाचता यावं म्हणून. मुलींना वाचायला देऊ नका.

टपरीवर तुम्ही विचारलंत, ते सवाल माझे होते का. मी नाही म्हणालो. ते माझे होते. चारही. तुम्ही मला कारखान्यात जे दाखवलंत आणि जे सांगितलंत, ते मी लिहून काढलं होतं आणि त्या वकिलांनी मागितलं तेव्हा आनंदाने देऊन टाकलं. स्पर्धेच्या दिवशी. तुम्ही मागे कप घेऊन उभे होतात. शेठचा वकील कोण, हे मला तारखेच्या आधी महिनाभर माहीत होतं. म्हाताऱ्या वकिलांना सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी तोड काढली असती. मी सांगितलं नाही, कारण मग तुम्हाला कळलं असतं.

त्यांना माझ्याशिवायही तो मुद्दा सुचला असता, असं मी स्वतःला रोज सांगतो. सुचला असताही. पण ते थांबले ते माझ्यासारखे थांबले.

तुम्हाला खोटं बोलायला शिकवलं आणि शब्दाने पोरींचं शिक्षण होतं का असं म्हणालो, त्याची माफी मागत नाही, कारण मागायला तोंड नाही. तुम्ही मला वकील करायला निघालात ते तुमच्या बाजूने बोलायला. मी आयुष्यात एकदाच कोट घातला, आणि तुमच्याविरुद्ध बोललो.

बायला हे सांगायचं की नाही, ते तुमच्यावर सोडतो.

एकच मागणं आहे. तो कप फळीवरून काढा. पोरींना खेळायला द्या, नाहीतर भंगारवाल्याला घाला. देवाशेजारी ठेवू नका.

दिवाळीला सुट्टी आहे. तुम्ही ये म्हणालात तर येईन. उत्तर नाही आलं तर पहाटेच्या गाडीने येऊन स्टँडवर थांबेन, आणि कुणी न्यायला आलं नाही तर परत जाईन.

तुमचा मेव्हणा